ताराशंकर सापडले!

सध्या भेटेल त्याला मी एकच प्रश्न विचारत सुटले आहे : ‘आरोग्य निकेतन’ वाचलंय का? मैत्रिणींना विचारून झालं, वाचनालयातल्या काकांना विचारून झालं, आमच्या डॉक्टरांना तर रक्तदाब मोजून घेता घेता विचारलं. कुणी ‘नाही’ म्हटलं की मला आनंदच होतो, कारण मग सगळं पहिल्यापासून सांगायला मिळतं! आज तुमची पाळी.

ताराशंकर बंद्योपाध्याय हे नाव तसं आपल्या कानावर असतं. सत्यजित राय यांचा ‘जलसाघर’ आपण पाहिलेला असतो, त्याची मूळ कथा ताराशंकरांची. रायांचा ‘अभियान’सुद्धा त्यांच्याच कादंबरीवरचा. १९६६ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना ‘गणदेवता’साठी मिळाला, हे स्पर्धा परीक्षांची पुस्तकंही सांगतात. पण नाव माहीत असणं वेगळं आणि माणूस भेटणं वेगळं. बंगालीतलेच शरदबाबू, म्हणजे शरच्चंद्र चट्टोपाध्याय, मामा वरेरकरांच्या भाषांतरांमुळे मराठी घरांत केव्हाचे नांदायला आले. ताराशंकर माझ्याकडे आत्ता आले, हिंदीच्या वाटेने, आणि आले ते एका म्हाताऱ्या वैद्याला बरोबर घेऊन. त्या दिवसापासून हे दोघे घरातून हलायला तयार नाहीत.

‘आरोग्य निकेतन’ ही १९५३ सालची कादंबरी. तिला १९५५ मध्ये बंगालचा रवींद्र पुरस्कार मिळाला आणि १९५६ मध्ये साहित्य अकादमीचा. बिजय बसूंनी तिच्यावर चित्रपट काढला, तो १९६७ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट बंगाली चित्रपट ठरला. एवढं सगळं तिच्या नावावर जमा आहे, पण पहिलं प्रकरण वाचताना यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. आपण थेट देवीपूर नावाच्या गावात जाऊन उभे राहतो. तिथे तीन पिढ्या वैद्यकी करणारं एक घराणं आहे. गाव त्यांना आदराने ‘मोशाय’ म्हणतं. आजोबा दीनबंधू, वडील जगद्बंधू, आणि आता सत्तरीला टेकलेले जीवन मोशाय. आरोग्य निकेतन हे या घराण्याच्या औषधालयाचं नाव. एके काळी तिथे रोग्यांची रीघ लागायची. आता भिंतींचे पोपडे पडलेत, आणि स्वातंत्र्यानंतरच्या नव्या काळात गावाजवळ सरकारी दवाखाना उभा राहिलाय. तिथे प्रद्योत नावाचा तरुण डॉक्टर आलाय : हुशार, कष्टाळू, प्रामाणिक, आणि जुन्या वैद्यकीवर मनापासून चिडलेला.

चिडायला कारणही तसंच आहे. जीवन मोशायांची सगळ्या पंचक्रोशीत ख्याती आहे ती नाडीसाठी. ते नाडी धरतात आणि रोगी किती दिवसांचा सोबती आहे ते सांगतात. मती लोहाराची म्हातारी आई पडते, तिचा पाय दुखावतो. मोशाय येतात, नाडी बघतात, आणि मुलाला सांगतात की आईला आता गंगेच्या काठी न्यायची तयारी कर. त्यांच्या दृष्टीने यात क्रौर्य नाही. भरल्या घरातून, नातवंडांच्या डोळ्यांदेखत, पिकल्या वयात माणसाने जावं, तेही तयारीने जावं, यासारखं भाग्य नाही, अशी त्यांची श्रद्धा. पण म्हातारीला मरायचं नाहीये! तिला घर हवंय, संसार हवाय, अजून पुष्कळ जगायचंय. ती धाय मोकलते. आणि प्रद्योत संतापाने लाल होतो. पायाचं दुखणं घेऊन आलेल्या बाईला तुम्ही मरणाची तारीख सांगता? हा अधिकार तुम्हाला दिला कुणी?

इथे मी पुस्तक मिटून खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. कारण मला दोघंही पटत होते. पूर्णपणे पटत होते! असं किती वेळा होतं, सांगा. नव्या-जुन्याचा झगडा म्हटला की पाचव्या पानावर लेखक कुणाचा ते कळतं. ताराशंकर शेवटपर्यंत कळू देत नाहीत. ते म्हातारीच्या भीतीत उतरतात, प्रद्योतच्या संतापात उतरतात, मोशायांच्या शांतपणात उतरतात, आणि प्रत्येक ठिकाणी त्या माणसाइतकेच खरे असतात.

आता नाडीबद्दल सांगते, कारण या कादंबरीने मला त्या वाटेला लावलं आणि मी अजून तिथेच भटकते आहे. तीन बोटं. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटावर. तर्जनीखाली वात, मधल्या बोटाखाली पित्त, अनामिकेखाली कफ. पुरुषाचा उजवा हात, बाईचा डावा. नुकतंच जेवलेल्या, न्हायलेल्या, अंगाला तेल लावलेल्या, धापा टाकत आलेल्या माणसाची नाडी बघायची नाही, ती खरं बोलत नाही. चरक आणि सुश्रुतांच्या संहितांत ही नाडीपरीक्षा नाही. ती ठळकपणे येते ती पुढे तेराव्या-चौदाव्या शतकातल्या शार्ङ्गधरसंहितेत. आणि तिथे काय वर्णन आहे, वा! वात भडकला की नाडी जळवेसारखी, सापासारखी सरपटते. पित्तात ती कावळ्यासारखी, बेडकासारखी उड्या घेते. कफात हंसासारखी, पारव्यासारखी संथ चालते. भुकेल्याची नाडी चंचल, जेवून तृप्त झालेल्याची स्थिर. काम आणि क्रोध यांत ती धावते, चिंता आणि भय यांत क्षीण होते. आणि जी थांबत थांबत चालते, आपल्या जागेवरून सरकते, ती प्राण घेऊनच जाते.

हे वाचल्यावर माझ्या मनात लख्ख उजेड पडला. अहो, भूक, तृप्ती, वासना, राग, काळजी, भीती : ही तर कादंबरीकाराचीच यादी आहे! शास्त्रकाराने मनगटावरच्या बोटभर जागेत अख्खं माणूसपण आणून ठेवलं, आणि ताराशंकरांसारख्या माणसाच्या ते दृष्टीस पडलं. मग ते सोडतील कशाला?

माझ्या ओळखीच्या एक वैद्यबाई आहेत. पुस्तक घेऊन मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, मला दाखवा. त्यांनी आधी मला स्वस्थ बसवलं. बराच वेळ इकडचं तिकडचं विचारत राहिल्या, घरी कोण कोण, झोप कशी, जेवायची वेळ काय. मग माझा डावा हात कोपरात किंचित वाकवून आपल्या हातावर घेतला आणि तीन बोटं टेकवली. एकेक बोट जरा दाबायचं, सैल सोडायचं, पुन्हा तिन्ही एकदम. डोळे मिटलेले. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. बोटं उचलून म्हणाल्या, ‘रात्री जागताय.’ मग हसून म्हणाल्या, ‘हे नाडीने सांगितलं आणि तुमच्या डोळ्यांनीही. नाडी शेवटी येते. माणूस दारातून कसा आत येतो, कुठे टेकतो, बरोबर कोण आलंय आणि ते बरोबरचं माणूस त्याच्याकडे कसं बघतंय, हे आधी बघायचं. बोटं टेकतात तेव्हा निम्मं कळलेलं असतं.’

घरी येऊन मी कादंबरी पुन्हा उघडली, आणि जीवन मोशाय नेमके हेच करताना दिसले. ते घरात शिरतात तेव्हा अंगण बघतात, सून बघतात, कोण रडतंय आणि कोण रडत नाही ते बघतात. त्यांचा एक रोगी आहे दाँतू घोषाल. त्याचा रोग पोटाचा, पण मोशायांना दिसतो तो त्याचा लोभ. जिभेवर ताबा नाही, पथ्य पाळवत नाही, खाण्याचं नाव काढलं की डोळे चमकतात. मोशाय म्हणतात, याला व्याधी मारणार नाही, याचा रिपू मारेल. षड्रिपूंपैकी कोणता कुणाला घेऊन जाणार, हे ते नाडीबरोबर वाचत असतात. त्यांच्या लेखी प्रत्येक माणसाच्या मरणाचं बी त्याच्या वासनेत रुजलेलं असतं. बरं, हे वाचताना उपदेश ऐकल्यासारखं वाटतच नाही, कारण दाँतू इतका जिवंत आहे, इतका हावरा आणि इतका केविलवाणा, की त्याच्यावर रागावताही येत नाही.

आणि आता मी जिथे रडले ते सांगते. मोशायांचा तरुण मुलगा वनविहारी आजारी पडतो. बाप नाडी धरतो. ज्या बोटांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरचं मरण ओळखलं, त्याच बोटांखाली आपल्या पोटच्या पोराचं मरण येतं. आणि हा माणूस ते बायकोला सांगतो. आधीच सांगतो. लपवत नाही, खोटी आशा दाखवत नाही. जे दुसऱ्यांच्या बाबतीत पाळलं तेच स्वतःच्या घरात पाळतो. आतरबहू, म्हणजे त्यांची बायको, हे उरलेल्या आयुष्यात कधी विसरत नाही, कधी माफ करत नाही. आई आहे ती. तिच्या लेखी त्या शब्दांनीच मुलगा नेला. पुढे त्या घरात दोन म्हातारी माणसं राहतात, एकमेकांना वाटी-भांडं देत, आणि त्यांच्या मधे ते एक वाक्य कायम बसलेलं. या बाईचं बोलणं, तिचे टोमणे, तिची आग ताराशंकरांनी अशी लिहिली आहे की मोशायांवर जीव जडलेला असूनही मी तिच्या बाजूने भांडायला उठले.

खरं सांगणं म्हणजे काय? किती सांगायचं, कुणाला सांगायचं, कधी सांगायचं? आपल्या घरांत हा प्रश्न काय कमी वेळा येतो? अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकड्यावर बसून ‘बाबांना सांगू नका हं’ असं आपण सगळेच एकमेकांना दटावत असतो. बाबांना ते कळलेलं असतं, आणि आपल्याला कळलंय हे ते आपल्याला कळू देत नाहीत. सगळे मिळून एक नाटक करतात आणि त्या नाटकात निरोप घ्यायचा राहून जातो. मोशाय हे नाटक करायला नकार देतात. त्याची किंमत स्वतःच्या संसारातून मोजतात. मला ही कादंबरी मोठी वाटते ती या हिमतीमुळे : मरण ओळखणं आणि ते माणसासारखं सांगणं हेही वैद्याचंच काम आहे, असं ती छातीठोकपणे म्हणते, आणि लगेच त्या सांगण्याने एक आई कशी करपते तेही दाखवते.

आयुर्वेदाने ही जबाबदारी किती जुन्या काळापासून मानली आहे, ते शोधताना मी थक्क झाले. चरकसंहितेत एकूण १२० अध्याय आणि आठ स्थानं. त्यांतलं एक अख्खं स्थान, इंद्रियस्थान, बारा अध्यायांचं, केवळ मरणाच्या चिन्हांना वाहिलेलं आहे! रोग्याचा रंग, आवाज, गंध, सावली, स्वप्नं, वैद्याला बोलवायला आलेला माणूससुद्धा, या सगळ्यांतून शेवट जवळ आलाय का ते कसं ओळखावं, याचा विचार तिथे आहे. आणि याच ग्रंथात वैद्याच्या चार वृत्ती सांगितल्या आहेत : सगळ्यांशी मैत्री, पीडितांवर करुणा, बरा होऊ शकणाऱ्या रोग्याविषयी आस्था, आणि जो निघालाच आहे त्याच्याबाबत तटस्थता. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादित केलेली चरकसंहिता १९४१ साली छापली. म्हणजे हे सगळं आपल्या गिरगाव-काळबादेवीच्या गल्ल्यांतून देशभर गेलं आहे. मला या योगायोगाचा केवढा अभिमान वाटला!

ती चौथी वृत्ती, तटस्थता, जीवन मोशायांच्या अंगी कशी आली? मला वाटतं, त्यांना मरण ही एक व्यक्ती म्हणून दिसते, म्हणून. महाभारतात मृत्यूच्या जन्माची कथा आहे. पृथ्वीवर भार झाला, ब्रह्मदेवाच्या क्रोधातून एक स्त्री निघाली, आणि तिला प्राण हरण करण्याचं काम सांगितलं. ती रडली. हे माझ्याच्याने होणार नाही म्हणाली. तिचे अश्रू ब्रह्मदेवाने ओंजळीत धरले आणि त्या अश्रूंच्याच व्याधी झाल्या. ताराशंकरांनी ही कथा घेतली आणि तिच्यात जीव ओतला. मोशायांच्या वडिलांनी त्यांना शिकवताना ही पिंगट केसांची मृत्युदेवी सांगितलेली असते. ती आंधळी आहे, बहिरी आहे. व्याधी तिच्या लेकरासारखी तिचा हात धरून तिला दारोदार फिरवते. तिला कुणाचा आक्रोश ऐकू येत नाही, कुणाचं वय दिसत नाही. आणि म्हणून तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. औषधालयात बसून वडील मुलाला निदान, चिकित्सा, काढे, भस्मं शिकवतात आणि त्याबरोबर हेही शिकवतात. काय शिक्षण असेल ते!

हे सगळं ज्याने लिहिलं तो माणूस कोण, म्हणून मग मी त्यांच्या आयुष्याच्या मागे लागले. २३ जुलै १८९८ ला बीरभूम जिल्ह्यातल्या लाभपूर गावी जन्म. छोट्या जमीनदाराचं घर, तेही उतरणीला लागलेलं. वडील लहानपणीच गेले. शिकायला कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात गेले, पण प्रकृती आणि राजकारण या दोहोंनी शिक्षण पुरं होऊ दिलं नाही. १९३० च्या सविनय कायदेभंगात तुरुंगात गेले. बाहेर आले ते साहित्य हीच आपली देशसेवा असं ठरवून. घरात त्यांनी लहानग्या लेकीचा मृत्यू सोसला. ‘धात्रीदेवता’ ही त्यांची कादंबरी आत्मचरित्राच्या वळणाने जाते, तिचा तरुण नायक पटकीच्या साथीत गावकऱ्यांसाठी राबतो. हिवताप, पटकी, देवी यांनी गावंच्या गावं ओस पडत होती त्या बंगालमध्ये हा माणूस वाढला. पुढे विधान परिषद झाली, राज्यसभा झाली, पद्मभूषण झालं, उतारवयात त्यांनी चित्रं काढली, लाकडातून मूर्ती घडवल्या. पण लिहायला बसले की पुन्हा लाभपूर, पुन्हा कोपई नदी, मयूराक्षी, लाल माती. आपल्या श्री. ना. पेंडशांनी दापोलीची माती जशी सोडली नाही, तसं. त्या मातीतला डोंब, बाउल, गारुडी, जमीनदार, कवी, लोहार, वैद्य, प्रत्येकाला त्यांनी कथेत जागा दिली. १४ सप्टेंबर १९७१ ला ते गेले तेव्हा मागे एक अख्खा जिल्हा पुस्तकांत उभा होता.

आणि जुन्याचा हा असा भक्त नव्यावर अन्याय करत असेल असं वाटत असेल तर थांबा, रंगलाल डॉक्टर अजून यायचाय! हा माझा फार लाडका झाला आहे. मयूराक्षीच्या काठी एकटा राहणारा, तिरसट, कुणाची भीडभाड न ठेवणारा, आधुनिक वैद्यक स्वतःच्या हिमतीवर शिकलेला माणूस. नदीतून वाहत आलेली प्रेतं काढून, ती चिरून, हा शरीर शिकला. गावाने त्याला पिशाच्च म्हटलं तरी तो डगमगला नाही. जीवन मोशाय तरुणपणी डॉक्टर व्हायला निघाले होते, पण मंजरी नावाच्या मुलीपायी झालेल्या मारामारीत ते स्वप्न मोडलं, आणि ते वडिलांकडे आयुर्वेद शिकले. नंतर याच रंगलालकडे त्यांनी नवं वैद्यकही शिकून घेतलं. म्हणजे ज्याला प्रद्योत जुनाट म्हणतो त्या माणसाच्या हातात दोन्ही विद्या आहेत! आणि रंगलालमागे खरा इतिहास उभा आहे. कलकत्त्याचं मेडिकल कॉलेज १८३५ मध्ये सुरू झालं आणि १८३६ मध्ये तिथे प्रेत चिरण्यासाठी पहिल्यांदा सुरी हातात घेतली ती मधुसूदन गुप्त यांनी. ते होते कोण? संस्कृत कॉलेजात वैद्यक शिकवणारे, वैद्य घराण्यातले पंडित! जुनं आणि नवं यांच्यामध्ये आपण जी भिंत बांधतो ती त्या माणसाने केव्हाच ओलांडली होती.

प्रद्योतलाही ताराशंकर त्याचा पूर्ण मान देतात. तो काळच औषधांच्या चमत्काराचा आहे. पेनिसिलिन आलंय. १९४८ मध्ये क्लोरोमायसेटिन विषमज्वरावर लागू पडतं असं दिसून आलं. तोवर विषमज्वर म्हणजे आठवडेच्या आठवडे उशाशी बसून वाट बघायची, लंघन, पेज, देवाचा धावा. आणि आता काही गोळ्यांनी ताप उतरू लागला. जे मरण मोशायांच्या बोटांना अटळ वाटायचं ते आता प्रद्योत परतवू शकतो. मग नाडीने सांगितलेला शेवट खरा कसा मानायचा? आणि मग एका रात्री प्रद्योतची स्वतःची तरुण बायको, मंजू, तापाने फणफणते. सगळी औषधं, सगळं शिक्षण हाताशी असलेला हा डॉक्टर नवरा म्हणून थरथरायला लागतो, आणि त्या म्हाताऱ्याने एकदा तिची नाडी बघावी असं त्याला वाटतं. पुढचं मी सांगणार नाही. त्या प्रकरणांत मी श्वास रोखून होते, तुमचाही रोखला जायला हवा.

शेवटी स्वतः मोशायांची वेळ येते. तेव्हाही हा माणूस वैद्यच राहतो. इतकी वर्षं जिला दुसऱ्यांच्या मनगटावर ओळखलं ती आता आपल्याकडे येताना कशी दिसते, तिचा आवाज असतो का, तिला गंध असतो का, हे जाणून घ्यायची त्यांना उत्सुकता आहे. उत्सुकता! मरणाच्या दारात भीतीच्या जागी जिज्ञासा ठेवणारं पात्र मला दुसरं आठवत नाही.

मला वाटलं, वैद्यकीवर एवढं लिहिल्यावर या लेखकाचं समाधान झालं असेल. छे! ‘आरोग्य निकेतन’च्याच सुमाराची त्यांची ‘नागिनी कन्यार काहिनी’ ही कादंबरी मिळाली, आणि तिथे पुन्हा वैद्य! धूर्जटी कविराज आणि त्यांचा शिष्य शिवराम. गंगेच्या काठी हिजल नावाची दलदल, गवत माणसाच्या उंचीचं, पाण्यात मगरी, आणि तिथे साँताली गावात विषवेदे राहतात : काळे नाग पकडणारी, त्यांचं विष काढून विकणारी जमात. बेहुला-लखिंदर आणि नागांची देवी मनसा यांच्या बंगाली लोककथेशी त्यांनी आपली नाळ जोडलेली. त्यांच्यात एक मुलगी नागकन्या मानली जाते. तिला लग्न नाही, संसार नाही, सगळ्या जमातीचं पावित्र्य तिच्या एकटीच्या माथी. कविराज तिथे जातात ते विष विकत घ्यायला. कशाला? सूचिकाभरणासाठी. हे आयुर्वेदातलं औषध, त्यात सापाचं विष पडतं, आणि सन्निपातात, सगळे उपाय थकल्यावर, सुईच्या टोकावर मावेल एवढी मात्रा देतात. डोळ्यांसमोर आणा : नागाचा जबडा दाबून धरलेला हात, विषाचा पिवळसर थेंब, आणि नजर न हलवता तो थेंब पारखणारा वैद्य. जो थेंब मारतो तोच मरणाऱ्याला माघारी आणण्यासाठी वापरायचा! त्या एका थेंबासाठी दरवर्षी वैद्य आणि गारुडी भेटतात, आणि त्या व्यवहारातून शबला आणि पिंगला या दोन नागकन्यांची गोष्ट शिवरामला दिसत जाते. शास्त्र शिकायला गेलेला शिष्य एका बाईचं दुःख शिकून परत येतो.

दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की ताराशंकरांचं गुपित थोडं उलगडतं. वैद्याला सगळ्यांच्या घरात प्रवेश असतो. जमीनदाराच्या अंतःपुरात, लोहाराच्या पडवीत, गारुड्याच्या झोपडीत तो जातो, आणि जातो ते घर सर्वांत उघडं पडलेलं असताना. दुखण्यात माणूस खोटं फार वेळ बोलू शकत नाही. कादंबरीकाराला याहून चांगला वाटाड्या कुठे मिळणार? ताराशंकरांनी हा वाटाड्या निवडला आणि त्याच्या शास्त्राला मान दिला. औषधांची नावं शोभेसाठी टाकली नाहीत. त्या शास्त्राची श्रद्धा काय, त्याची मर्यादा काय, ते कुठे दिपवतं आणि कुठे दुखावतं, हे सगळं माणसांच्या जगण्यात मुरवून दाखवलं.

म्हणून माझी एक मागणी आहे. वैद्यकाच्या कुठल्याही शाखेला, बीएएमएस असो की एमबीबीएस, प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींच्या हातात पहिल्याच वर्षी ‘आरोग्य निकेतन’ द्या. शरीर शिकवणारे जाडजूड ग्रंथ त्यांना पुरून उरतील इतके आहेत. रोग्याच्या आईकडे बघून बोलायचं कसं, हे शिकवणारं पुस्तक दुर्मीळ आहे. आणि तुम्ही डॉक्टर नसाल, तरी कधीतरी कुणाच्या उशाशी बसला असालच, किंवा बसावं लागणार आहे. तेव्हा वाचाच. हिंदीतून वाचा, इंग्रजीतून वाचा, बंगाली येत असेल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच! माझ्या टेबलावर आता ताराशंकरांचीच, कोपईच्या वळणावरची ‘हाँसुली बाँकेर उपकथा’ येऊन पडली आहे, त्यामुळे मी पुढचे काही दिवस कुणाला सापडणार नाही. पण तुमची ‘आरोग्य निकेतन’ वाचून झाली की मला जरूर गाठा आणि सांगा, तुम्ही कुणाच्या बाजूचे : मोशायांच्या, प्रद्योतच्या की आतरबहूच्या? मी दर प्रकरणाला बाजू बदलत होते, आणि अजून भांडायला तयार आहे.